चित्रफितीपासून तबकडीपर्यंत : राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाची पन्नास वर्षे

कोणत्याही संस्थेचा पन्नास वर्षांचा इतिहास लिहावयाचा म्हटले की तिच्या दप्तरातील ठराव, मंजुऱ्या, ताळेबंद आणि पारितोषिकांच्या याद्या यांचा आधार प्रथम घ्यावा लागतो. परंतु जी वस्तू कोणी पाहिली तरच अस्तित्वात आहे असे म्हणता येते, त्या चित्रपटाशी ज्या संस्थेचा जन्मापासून संबंध आला, तिच्या कार्याची रुजुवात मुंबईच्या मुख्य कचेरीत जितकी होते तितकीच ती भंडारा जिल्ह्यातील तुमसरसारख्या तालुक्याच्या गावीही होत असते. वैनगंगेच्या खोऱ्यात वसलेले, धानाच्या बाजारपेठेमुळे आणि आसपासच्या चिखला, डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या खाणींमुळे नावारूपास आलेले, हावडा-मुंबई लोहमार्गाजवळचे हे गाव झाडीपट्टीच्या रंगभूमीच्या मुलखातले आहे. दिवाळीनंतर शेतातील कामे आटोपली की शिमग्यापर्यंत या मुलखात रात्र-रात्र नाटके चालतात आणि पहाटेच्या थंडीतही प्रेक्षक जागचे हलत नाहीत. अशा रसिक प्रदेशात उत्तम चित्रपटाची वाण कधी प्रेक्षकांच्या अभिरुचीमुळे पडली नाही; पडली ती तो चित्रपट येथवर पोहोचविणारी वाट नसल्यामुळे. महामंडळाच्या पाच दशकांकडे मी त्या वाटेच्या इतिहासाच्या दृष्टीने पाहतो.

पूर्वपीठिका : १९५१ ते १९७५

स्वातंत्र्यप्राप्तीनंतर चित्रपटधंद्याची पाहणी करण्यासाठी भारत सरकारने स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखाली जी चौकशी समिती नेमली, तिचा अहवाल १९५१ साली सादर झाला. समितीत व्ही. शांताराम आणि कलकत्त्याचे बी. एन. सरकार यांच्यासारखी, स्वतः स्टुडिओ चालवून हात पोळून घेतलेली माणसे होती. म्हणूनच त्या अहवालात सदुपदेशापेक्षा व्यवहाराला अधिक स्थान मिळाले. निर्मात्यास सावकाराच्या भरमसाट व्याजातून सोडवावयाचे असेल तर सरकारी भांडवलाची एक पतसंस्था उभारली पाहिजे, ही त्यातील एक प्रमुख शिफारस होती. ती अंमलात येण्यास नऊ वर्षे लागली आणि १९६० साली फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन स्थापन झाले. त्याच वर्षी पुण्यास प्रभात स्टुडिओच्या जागेत चित्रपटशिक्षणाची संस्था निघाली, आणि १९६४ च्या फेब्रुवारीत त्याच नगरीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना झाली.

आरंभीची काही वर्षे कॉर्पोरेशनने सावध पतपेढीप्रमाणे काढली. साठाचे दशक संपता-संपता मात्र नव्या दिग्दर्शकांना अल्प रकमेची कर्जे देण्याचे धोरण स्वीकारण्यात आले, आणि मृणाल सेन यांचा ‘भुवन शोम’, बासू चटर्जी यांचा ‘सारा आकाश’, मणी कौल यांचा ‘उसकी रोटी’, एम. एस. सथ्यू यांचा ‘गर्म हवा’ आणि अवतार कृष्ण कौल यांचा ‘२७ डाऊन’ असे एकाहून एक वेगळे चित्रपट त्यातून निर्माण झाले. या धोरणावर टीका झाली, कर्जवसुलीचे प्रश्न उपस्थित झाले, कलेचा कैवार आणि सरकारी पैशाचा हिशेब यांचा मेळ कसा घालावा यावर मतभेदही झाले. त्यांच्या तपशिलात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. प्रयोजन आहे ते एवढेच सांगण्याचे की चित्रपट निर्माण होऊनही तो लोकांपुढे यावयाचा राहून जात असे. चित्रगृहांचे मालक तो लावण्यास राजी नसत, वितरक मिळत नसे, आणि ज्याच्या आयुष्याविषयी तो काढला होता तो मनुष्य त्यास पारखाच राही.

पहिले दशक : १९७५ ते १९८५

राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाची नोंदणी १९७५ साली झाली. १९८० मध्ये जुने फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन आणि भारतीय चित्रपटांची निर्यात पाहणारे इंडियन मोशन पिक्चर एक्स्पोर्ट कॉर्पोरेशन ही दोन्ही त्यात विलीन झाली आणि संस्थेला तिचे आजच्या ओळखीचे रूप आले. कर्जे देणे, स्वतः निर्मिती करणे, परदेशी चित्रपटांची आयात, आपल्या चित्रपटांची निर्यात, कच्च्या फिल्मचा पुरवठा आणि लहान गावी चित्रगृहे बांधू इच्छिणाऱ्यांस अर्थसाहाय्य, असा तिचा विस्तृत कारभार होता. यातील चित्रगृहांची योजना मला विशेष महत्त्वाची वाटते, कारण चित्रपट दाखवावयास छप्पर नसेल तर बाकीच्या योजना कागदावरच राहतात, ही जाणीव तिच्या मुळाशी होती.

रिचर्ड ॲटनबरो यांच्या ‘गांधी’ या चित्रपटातील महामंडळाच्या आर्थिक सहभागामुळे संस्थेचे नाव जगभर गेले. १९८३ साली त्या चित्रपटास आठ ऑस्कर पारितोषिके लाभली आणि त्यातील वेषभूषेच्या पारितोषिकात वाटा मिळवून कोल्हापूरच्या भानू अथैय्या हा सन्मान मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय ठरल्या. त्याच वर्षी महामंडळाच्याच आश्रयाने निघालेला कुंदन शाह यांचा ‘जाने भी दो यारों’ प्रकाशित झाला. प्रथम प्रदर्शनात त्याचे स्वागत बेताचेच झाले; लोकांनी त्याला डोक्यावर घेतले ते पुढे घरच्या पडद्यावर पुनःपुन्हा पाहून. या चित्रपटाचे पुढील भाग्य ध्यानात घेतल्यावाचून संस्थेचा नंतरचा प्रवास उमगणार नाही.

१९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंगीत दूरदर्शन आले आणि त्याच सुमारास व्हिडिओ कॅसेटचा सुळसुळाट झाला. चोरट्या प्रतींनी निर्मात्यांची झोप उडविली. १९८४ साली प्रतिमुद्राधिकाराच्या कायद्यात दुरुस्ती होऊन कलम ५२अ दाखल झाले. व्हिडिओ प्रतीवर परिनिरीक्षण मंडळाच्या प्रमाणपत्राची नक्कल, प्रत काढणाराचे नाव, पत्ता व हक्कधारकाची संमती घेतल्याचे त्याचे प्रतिज्ञापन, आणि हक्कधारकाचे नाव व पत्ता या सर्व गोष्टी छापल्याच पाहिजेत, असे त्या कलमाने बंधन घातले. पुढे तबकडीच्या वेष्टनावर जो बारीक अक्षरांतील मजकूर आपण न वाचताच फाडून टाकीत आलो, त्याचे मूळ या कलमात आहे.

दुसरे दशक : १९८५ ते १९९५

हे दशक निर्मितीच्या दृष्टीने सर्वांत संपन्न ठरले. केतन मेहता यांचा ‘मिर्च मसाला’, मीरा नायर यांचा ‘सलाम बॉम्बे’, सईद मिर्झा यांचा ‘सलीम लंगडे पे मत रो’, तपन सिन्हा यांचा ‘एक डॉक्टर की मौत’ आणि सत्यजित राय यांचे अखेरच्या पर्वातील ‘गणशत्रू’ व ‘आगंतुक’ या सर्वांमागे महामंडळाचे साहाय्य होते. ‘सलाम बॉम्बे’स १९८८ साली कान महोत्सवात पदार्पणाच्या चित्रपटाचे ‘कॅमेरा द’ओर’ हे पारितोषिक मिळाले.

मराठी वाचकास अधिक जिव्हाळ्याची अशी नोंद येथे केली पाहिजे. पु. ल. देशपांडे यांची पटकथा, जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन, ना. धों. महानोर यांची गीते, आनंद मोडक यांचे संगीत आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांची त्यांच्या नेहमीच्या विनोदी प्रतिमेपलीकडे जाणारी भूमिका असा योग ‘एक होता विदूषक’ या १९९२ च्या चित्रपटात जुळून आला, तो महामंडळामुळे. १९९५ मध्ये सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘दोघी’ आणि नचिकेत व जयू पटवर्धन यांचा ‘लिमिटेड माणुसकी’ हे दोन चित्रपटही याच आश्रयाने तयार झाले. विदूषक आणि तमाशा यांची कथा झाडीपट्टीच्या प्रेक्षकाला समजावून सांगावी लागत नाही. फड उभा करणाऱ्यांची आणि मोडून पडणाऱ्यांची सुखदुःखे त्याने डोळ्यांनी पाहिलेली आहेत.

दूरदर्शनशी झालेल्या सहकार्यामुळे यांपैकी बरेच चित्रपट घरोघरी दिसले. तथापि दूरदर्शनवर चित्रपट एकदा दिसतो आणि जातो. तो हवा तेव्हा काढून पाहता येत नाही. व्हिडिओ कॅसेट ती सोय करीत असे, पण तिच्यात मोठा दोष होता. चुंबकीय फितीच्या प्रतीची प्रत आणि तिचीही प्रत काढीत गेले की प्रत्येक पायरीवर चित्र धूसर होत जाते, आणि तालुक्याच्या व्हिडिओ पार्लरपर्यंत जी प्रत येई तिच्यात माणसाचा चेहरा ओळखू येणे एवढीच अपेक्षा उरलेली असे. या काळात महामंडळाने मुंबईत लेझर किरणांनी उपशीर्षके कोरण्याचे जे केंद्र चालविले, त्याने अन्य भाषांतील चित्रपट वाचता येण्याजोगे केले. दुसऱ्याच्या शब्दांना दोन ओळींच्या आत, त्या वाचून होण्यापूर्वी पडदा न बदलेल अशा बेताने बसविणाऱ्या त्या केंद्रातील कारागिरांची नावे कोणत्याही श्रेयनामावलीत येत नाहीत, म्हणून त्यांचे ऋण येथे सामुदायिकपणे नमूद करतो.

तिसरे दशक : १९९५ ते २००५

आयातीचे निर्बंध सैल झाले होते, खासगी वाहिन्या आल्या होत्या, आणि ज्या उत्पन्नावर संस्थेचा डोलारा उभा होता ते आटत गेले. निर्मितीचा वेग मंदावला आणि आर्थिक ओढाताण झाली, तरीही कर्मचाऱ्यांनी संस्था तगवून धरली; या काळाविषयी एवढेच पुरे.

याच काळात पूर्ण झालेल्या एका चित्रपटाचे मोल मात्र या जिल्ह्यास निराळे आहे. १९५४ साली भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लढविली होती. त्यांचा पराभव झाला, परंतु त्यांचा जिल्ह्यातील तो वावर येथील वस्त्यांच्या स्मरणात पिढ्यान्‌पिढ्या राहिला. जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेला, मामुट्टी यांची प्रमुख भूमिका असलेला ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ हा चित्रपट केंद्र व महाराष्ट्र शासनाच्या अर्थसाहाय्याने महामंडळाने सिद्ध केला. मामुट्टी यांस सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. मूळ इंग्रजीत असलेल्या या चित्रपटाची अनेक भारतीय भाषांत रूपांतरे झाली, आणि एकाच चित्रावर अनेक भाषांचे ध्वनी बसविण्याचा हा व्याप म्हणजे पुढील दशकात तबकडीच्या तंत्राला सोडवावयास मिळालेले एक आदर्श उदाहरणच होते.

तबकडी तोवर बाजारात आलीच होती. सोनी, फिलिप्स, मात्सुशिता आणि जेव्हीसी या कंपन्यांनी १९९३ मध्ये व्हिडिओ सीडीचे प्रमाण निश्चित केले. तिच्यावर सुमारे ७४ मिनिटे चित्र मावत असल्यामुळे आपले अडीच तासांचे चित्रपट दोन किंवा तीन तबकड्यांत विभागून मिळत, आणि ऐन रंगात आलेला प्रसंग तोडून तबकडी बदलावी लागे. १९९६ च्या अखेरीस जपानात डीव्हीडी विक्रीस आली. त्याच १२० मिलिमीटर व्यासाच्या चकतीवर, एका थरात ४.७ गिगाबाइट आणि दोन थरांत साडेआठ गिगाबाइट इतकी माहिती साठविता येऊ लागली.

चौथे दशक : २००५ ते २०१५

२००७ पासून गोव्यात फिल्म बाजार भरू लागला, पटकथालेखकांच्या कार्यशाळा सुरू झाल्या, आणि रितेश बत्रा यांचा ‘द लंचबॉक्स’ हा २०१३ चा चित्रपट त्याच वाटेने पुढे आला. या उपक्रमांविषयी अन्यत्र पुष्कळ लिहिले गेले आहे. मी या दशकातील ज्या कार्याजवळ थांबू इच्छितो ते आहे २०१२ साली सुरू झालेल्या ‘सिनेमाज ऑफ इंडिया’ या तबकडीमालेचे. ग्रेटर नोएडाच्या मोझर बेअर कंपनीने २००७ च्या सुमारास २८ रुपयांत व्हिडिओ सीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकावयास काढून बाजाराचा नूरच पालटून टाकला होता. तबकडी स्वस्त झाली, आता तिच्यावर काय असावे एवढाच प्रश्न उरला होता. महामंडळाने आपले जुने चित्रपट काढून, ते डिजिटल पद्धतीने स्वच्छ करून, इंग्रजी उपशीर्षकांसह डीव्हीडीवर आणण्याचे ठरविले. वितरणासाठी मुंबईच्या शेमारू कंपनीची साथ मिळाली, जी १९६२ साली पुस्तके भाड्याने देणारे वाचनालय म्हणून निघाली होती. ‘जाने भी दो यारों’, ‘मिर्च मसाला’, ‘उसकी रोटी’, ‘२७ डाऊन’ अशी नावे पाहता-पाहता दुकानाच्या फळीवर दिसू लागली.

तबकडी सिद्ध करणे म्हणजे एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात चित्रपट ओतणे, असा जो सर्वसाधारण समज आहे तो दूर होणे अवश्य आहे. या कामाचा शिरस्ता असा. प्रथम मूळ निगेटिव्ह किंवा ती नसल्यास उपलब्ध असलेली सर्वांत चांगली प्रत शोधावी लागते. तिचे तुटके जोड दुरुस्त करून, बुरशी व धूळ धुऊन, एकेक चौकट यंत्रावर टिपून घ्यावी लागते. सेकंदाला २४ चौकटी या हिशेबाने दोन तासांच्या चित्रपटात १,७२,८०० चौकटी भरतात. ओरखडे आणि डाग पुसण्याची यंत्रे आहेत खरी, परंतु पावसाची सर कोणती आणि ओरखडा कोणता, हे सांगावयास माणसाचाच डोळा लागतो. आणि फिल्मचे जे नैसर्गिक रवाळपण असते ते ‘घाण’ म्हणून पुसून टाकले तर ‘२७ डाऊन’सारख्या कृष्णधवल चित्रपटातील धुराने भरलेले फलाट मेणाच्या पुतळ्यांप्रमाणे गुळगुळीत दिसू लागतील. संयमी पुनरुज्जीवकाची परीक्षा येथे होते, आणि मला असे निश्चितपणे वाटते की काय पुसावे याहून काय राहू द्यावे याचे तारतम्य अधिक दुर्मिळ आहे.

यानंतर वेगाचा प्रश्न येतो. चित्रगृहात चित्रपट सेकंदास २४ चौकटींच्या वेगाने धावतो, तर आपल्याकडील पाल पद्धतीच्या दूरचित्रवाणीस २५ चौकटी लागतात. चित्रपट तसाच त्या वेगाने धावविला तर १२० मिनिटांचा खेळ ११५ मिनिटांत संपतो आणि गायकाची पट्टी किंचित चढते. कान तयार असणाऱ्या श्रोत्यास लावणीतील तो फरक जाणवतो, म्हणून आवाज पुन्हा मूळ पट्टीवर उतरवून घ्यावा लागतो. चौकटीच्या प्रमाणाचाही असाच विचार असतो. जुन्या चित्रपटांची चौकट जवळजवळ चौरस असे. रुंद पडद्याच्या नव्या दूरचित्रवाणी संचावर ती बसविण्याच्या हौसेने डोके आणि पाय कापून टाकणारी प्रत दिग्दर्शकाची राहत नाही. तबकडीच्या मूळ संचिकेतच चौकटीचे प्रमाण अचूक नोंदले पाहिजे, म्हणजे ती कोणत्याही संचावर आपल्या मूळ आकारात, बाजूस काळे पट्टे सोडून उभी राहते.

मग येते संकोचन. १४० मिनिटांचा चित्रपट एका थरात बसवावयाचा तर चित्र, ध्वनी आणि उपशीर्षके मिळून सेकंदाला सरासरी साडेचार मेगाबिटांहूनही कमी जागा वाट्यास येते. स्तब्ध संवादाला थोडी, गर्दीच्या आणि पावसाच्या दृश्यांना अधिक, अशी ती वाटून द्यावी लागते. दोन थरांची तबकडी असेल तर वाचक किरण एका थरावरून दुसऱ्यावर सरकताना क्षणभर थबकतो. तो क्षण संवादाच्या मध्ये न येता प्रसंग बदलताना किंवा पडदा अंधारताना यावा, अशी जागा शोधून काढणे हे सुद्धा काम कोणी तरी शांतपणे बसून केलेले असते. डीव्हीडीवर आठ ध्वनिमार्ग आणि बत्तीस उपशीर्षकांची सोय असते. अनेक भाषांत बोलणाऱ्या चित्रपटासाठी ही व्यवस्था जणू मुद्दाम योजिली असावी इतकी उपयुक्त आहे. डीव्हीडीसाठी जगाचे विभाग पाडलेले असून भारताचा समावेश पाचव्या विभागात होतो. विभागाचा संकेत चुकला तर परदेशातील मराठी कुटुंबाकडे गेलेली तबकडी तेथील यंत्र स्वीकारीत नाही.

इतके झाले की कारखान्यास द्यावयाची मूळ प्रत, म्हणजे मास्टर, तयार होते. संगणकावर लेझरने जाळून काढलेली तबकडी आणि कारखान्यात ठशाने छापलेली तबकडी या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीत रंगद्रव्यावर डाग पडतात आणि ते कालांतराने फिके होतात. दुसरीत प्लास्टिकमध्येच खळगे उमटलेले असतात. मास्टर घाईने, वेगात जाळलेल्या, बोटांचे ठसे लागलेल्या तबकडीवर पाठविला तर त्यातील चूक साऱ्या आवृत्तीत उतरते. म्हणून दोन थरांच्या तबकडीसाठी माहिती डीएलटी या संगणकीय फितीवर, प्रत्येक थराची वेगळी फीत करून, ठरावीक वर्णनपत्रकासह पाठविण्याची पद्धत पडली. तत्पूर्वी चाचणीची तबकडी निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर, अगदी स्वस्तातल्या यंत्रांवरही, आरंभापासून अखेरपर्यंत पाहावी लागते. प्रत्येक प्रकरणाची खूण, प्रत्येक उपशीर्षकाची वेळ, ओठ आणि आवाज यांची जुळणी तपासून मगच परवानगीच्या कागदावर सही करावयाची, हा नियम आहे.

कारखान्यात एका निर्मळ काचेवर प्रकाशसंवेदी लेप चढवून लेझरने त्यावर चित्रपटाची सर्पिल रेषा कोरतात. दोन शेजारील वळणांतील अंतर ०.७४ मायक्रोमीटर असते, आणि सर्वांत लहान खळग्याची लांबी ०.४ मायक्रोमीटर. त्या काचेवर धातूचा पातळ थर देऊन, विद्युत्‌क्रियेने निकेल चढवून धातूची पहिली प्रत काढतात. तिला ‘पिता’ म्हणतात, तिच्यापासून ‘माता’ आणि मातेपासून प्रत्यक्ष छपाईचे ठसे. हीच कुलपरंपरा ग्रामोफोनच्या काळापासून चालत आली आहे. बालगंधर्वांच्या नाट्यपदांच्या तबकड्याही अशाच धातूच्या ठशांनी छापल्या गेल्या, मात्र त्या लाखेपासून होत. आणि पळसावर धरणारी लाख आमच्या भंडाऱ्याच्या रानांत पूर्वापार गोळा केली जाते. आता लाखेच्या जागी पॉलिकार्बोनेट आले आहे. ०.६ मिलिमीटर जाडीच्या दोन चकत्या साच्यात ओतून, त्यांवर ॲल्युमिनियमचा चकचकीत थर देऊन त्या एकमेकींस चिकटवितात, आणि मग वरच्या अंगास चित्र छापतात. छपाईची यंत्रणा उभी करण्याचा खर्च मोठा असल्यामुळे एक हजाराहून कमी प्रतींचे काम घेणे कारखान्यास सहसा परवडत नाही. ज्या चित्रपटाला चित्रगृह मिळाले नाही त्याच्या हजार प्रतींची जोखीम कोणी घ्यावी, हा प्रश्न अशा वेळी पुढे येतो, आणि सार्वजनिक भांडवलाची संस्था असण्याचे सार्थक मला येथे दिसते.

या कामात गुंतलेल्या पुनरुज्जीवन-तंत्रज्ञांना, रंगसमायोजकांना, उपशीर्षके लिहिणाऱ्यांना, प्रमाणपत्रांची आणि हक्कांची कागदपत्रे चाळून ५२अ बरहुकूम वेष्टनाचा मजकूर जुळविणाऱ्या कारकुनांना, आणि एकच चित्रपट दिवसातून तीनदा पाहूनही चौथ्यांदा तितक्याच सावधपणे पाहणाऱ्या तपासनिसांना महामंडळाच्या इतिहासात दिग्दर्शकांच्या पंक्तीत बसविले पाहिजे. दिग्दर्शकाने चित्रपट एकदा निर्माण केला. तो तुमसरच्या घरातील पडद्यावर त्याला अभिप्रेत असलेल्या आकारात, वेगात आणि स्वरात दिसला तो या माणसांमुळे.

पाचवे दशक : २०१५ ते २०२५

तबकडीचे राज्य अल्पकाळच टिकले. भ्रमणध्वनीवर चित्रपट येऊ लागले, भाड्याने तबकड्या देणारी दुकाने बंद झाली, नव्या संगणकांना तबकडीची फटच उरली नाही. परंतु तबकडीच्या निमित्ताने मूळ निगेटिव्हचा शोध घेण्याची, ती स्वच्छ करण्याची, ध्वनी सुधारण्याची आणि कागदपत्रे नीट लावण्याची जी शिस्त लागली, ती वाया गेलेली नाही. तबकडीचा मास्टर ज्या उच्च दर्जाच्या मूळ संचिकेवरून काढावयाचा, तीच संचिका आज चित्रगृहासाठी व आंतरजालासाठी उपयोगी पडते.

राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानासाठी केंद्र शासनाने ५९७ कोटी रुपयांची तरतूद केली आणि पुण्याच्या संग्रहालयातील रिळांची पाहणी, दुरुस्ती व डिजिटलीकरण यांचे कार्य मोठ्या प्रमाणावर हाती घेतले गेले. डिसेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने निर्णय घेतला आणि २०२२ मध्ये फिल्म्स डिव्हिजन, चित्रपट महोत्सव संचालनालय, बालचित्र समिती आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय या चारही संस्था महामंडळात विलीन झाल्या. विलीनीकरणाविषयी सिनेमाच्या क्षेत्रात जी चर्चा झाली ती त्या-त्या संस्थांविषयीच्या आपुलकीतूनच झाली, आणि चारही ठिकाणच्या कर्मचाऱ्यांनी बदलाच्या काळात काम थांबू दिले नाही. त्याच वर्षी सत्यजित राय यांच्या ‘प्रतिद्वंद्वी’ची पुनरुज्जीवित प्रत कान महोत्सवाच्या अभिजात विभागात दाखविली गेली. मुंबईत पेडर रोडवरील गुलशन महालात २०१९ साली उघडलेले भारतीय सिनेमाचे राष्ट्रीय संग्रहालय, गोव्याचा आंतरराष्ट्रीय महोत्सव आणि मुंबईचा माहितीपटांचा महोत्सव यांची व्यवस्थाही आता महामंडळाकडे आहे. १९४८ पासून फिल्म्स डिव्हिजनने काढलेले वार्तापट आणि माहितीपट, १९६४ पासून पुण्याने जमविलेली रिळे आणि १९६० पासून कर्जाऊ पैशावर उभे राहिलेले चित्रपट, हे तीनही ठेवे प्रथमच एका दप्तराखाली आले आहेत.

सुवर्णमहोत्सवी वर्षात एक तजवीज सुचवावीशी वाटते. महाराष्ट्रात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे तालुक्यापर्यंत आणि त्याही खाली गावोगाव पसरलेले आहे. ‘एक होता विदूषक’, ‘दोघी’, ‘लिमिटेड माणुसकी’ आणि ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ या चित्रपटांच्या तपासलेल्या, मराठी उपशीर्षकांसह सिद्ध केलेल्या प्रती, मग त्या तबकडीवर असोत वा अन्य साधनावर, महामंडळाने या ग्रंथालयांच्या स्वाधीन कराव्यात आणि महिन्यातून एक संध्याकाळ त्या सार्वजनिकपणे दाखविण्याची परवानगी कायमस्वरूपी द्यावी. कानाने मंद असलेल्या प्रेक्षकांना मराठी चित्रपटालाही मराठी उपशीर्षके लागतात, हे विसरता कामा नये. प्रथम निवडावयाच्या ग्रंथालयांत भंडारा जिल्ह्यातील तालुक्यांची नावे असावीत, अशी विनंती.